पिंपातला पाहुणा: सोलापुरात कमी पैशांत परजीवीचा भयपट करायचा तर

परग्रहावरचा परजीवी हा विज्ञान-भयपटातला सगळ्यात स्वस्त राक्षस. यान लागत नाही, परग्रह उभारावा लागत नाही, रबरी सूट शिवावा लागत नाही. राक्षस नटाच्या अंगात असतो, आणि नट तसाही तुमच्याकडे आहेच. १९५६ च्या 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स'मधले परके जीव शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखेच दिसतात. बराचसा खर्च तिथेच वाचला. डेव्हिड क्रोननबर्ग यांनी १९७५ च्या 'शिव्हर्स'मध्ये मॉन्ट्रियलमधली एक अपार्टमेंटची इमारत धरली आणि तिथल्या बिऱ्हाडांत किडे सोडले. असे चित्रपट पैशाअभावी क्वचितच पडतात. किडा उठसूट दाखवल्यामुळे पडतात. म्हणून पुढचा सगळा बेत एकाच हिशेबावर उभा आहे: बारा मिनिटांच्या फिल्ममध्ये किडा तीनदा दिसेल, मिळून चाळीस सेकंद. पैसा आणि मेहनत त्या चाळीस सेकंदांत घालायची.

आधी किड्याचं आयुष्य लिहा

पटकथेआधी एका कागदावर चार उत्तरं हवीत: किडा शिरतो कुठून, आत काय करतो, माणसाकडून काय करवून घेतो, बाहेर कसा पडतो. यातलं तिसरं उत्तर ठरलं नाही तर हातात नुसता आजार उरतो, गोष्ट होत नाही.

कल्पना सुचत नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नारूबद्दल, म्हणजे कातडीतून बाहेर येणाऱ्या लांब जंताच्या आजाराबद्दल, विचारा. पायविहिरीच्या पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म जीवातून नारूची अळी पोटात जायची. वर्षभर काही पत्ता नाही. मग ६० सेंटिमीटर ते एक मीटर लांबीची मादी, बहुतेक वेळा पायात उतरून, कातडीवर फोड आणायची. फोडाची आग होते म्हणून माणूस पाय पाण्यात बुडवायचा, आणि नेमकं तेव्हाच ती पाण्यात अळ्या सोडायची. जंत ओढून काढताना तुटू नये म्हणून काडीवर गुंडाळत दिवसाला थोडा थोडा बाहेर काढत. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ साली नोंदला गेला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. पटकथेच्या दृष्टीने यातला 'आग होते म्हणून पाण्याकडे जातो' हा भाग सोन्याचा. किडा माणसाला हुकूम देत नाही. माणूस आपल्या सोयीचं म्हणून जे करतो, तेच किड्याला हवं असतं.

हेच चक्र सोलापुरात आणून ठेवायला काही खटपट नाही. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येतं, त्यामुळे घरोघरी पिंपं, हौद, टाक्या भरलेल्या असतात. पाणी साठवून ठेवणं हीच किड्याची सोय. आकाशातून तो कसा आला हे दाखवायच्या फंदात पडू नका. गच्चीवरच्या टाकीच्या झाकणाला बोटाएवढं, कडा वितळलेलं भोक दाखवा आणि पुढे चला. जुन्या झाकणाला तापवलेली सळई टेकवली की ते तयार होतं. हे मात्र उघड्यावर करा, वितळत्या प्लॅस्टिकचा धूर घरात कोंडू देऊ नका.

एक नियम असा ठेवा की ज्याने प्रेक्षकाला बाधित माणूस ओळखता येईल, पण पात्रांना उशिरा कळेल. दोन बिनखर्ची खुणा सुचवतो. पहिली ताटातली: किड्याला मीठ सोसत नाही, म्हणून बाधित माणूस शेंगाचटणी बाजूला सारतो. कडक भाकरी कोरडी खाणारा सोलापूरकर म्हटल्यावर शेजारी बघत राहणारच. दुसरी खूण बोलण्यातली, आणि ती जास्त भेदक आहे. इथलं माणूस एका वाक्यात मराठी, तेलुगू, कन्नड सहज फिरवतं. बाधा झाल्यावर त्याची एकेक भाषा गळू द्या. आधी आईशी तेलुगूत बोलणं थांबतं, मग मित्राच्या "काय करायलास बे?" ला तो "मी विश्रांती घेत आहे" असं पाठ्यपुस्तकी उत्तर देतो. यासाठी घरात तेलुगू बोलणारा नट घ्या. शिकवून म्हणून घेतलेलं तेलुगू पूर्वभागातल्या, म्हणजे शहराच्या तेलुगू वस्तीतल्या, प्रेक्षकाला दोन शब्दांत कळतं.

पटकथा आणि पैसे

एक घर, तीन माणसं, एक पिंप. बारा मिनिटांना बारा पानं पुरतात. प्रत्येक प्रसंगासमोर लिहा: किडा दिसतो, ऐकू येतो, की फक्त शंका येते. 'दिसतो' तीनपेक्षा जास्त झाले तर खोडा. तीन जागा अशा: चौथ्या मिनिटाला पिंपाच्या काठावरची अंडी, सातव्याला कातडीखालची हालचाल, दहाव्याला पोटरीतून बाहेर येणं.

नट-तंत्रज्ञ मित्रमंडळी असतील आणि कॅमेरा फोनचा असेल, तर ३०,००० रुपयांची वाटणी अशी करा: जेवणखाण आणि येणंजाणं १०,०००, इफेक्टचं साहित्य ६,०००, माइक आणि आवाजाचं काम ५,०००, दिवे भाड्याने ४,०००, राखीव ५,०००. राखीव रकमेला आधीच हात लावू नका, ती जिलेटिनच्या दुसऱ्या घाण्याला लागते. जेवणात काटकसर केलीत तर तिसऱ्या रात्री युनिट उरणार नाही.

शूटिंग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, तीन रात्री आणि सुट्या शॉट्ससाठी अर्धा दिवस. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि जिलेटिनची जखम नटाच्या पायावरून घोट्याकडे निघते. जानेवारीत मात्र संक्रांतीच्या सुमारास गड्डा यात्रा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा. ती भरते त्या होम मैदानाच्या आसपासचं घर घेतलं असेल तर ते दिवस सोडा, ध्वनिक्षेपक तुमच्या माइकमध्ये येणारच.

चिकट द्रव: तीन प्रकार, तीन कामं

*तार सुटणारा:* चार टेबलस्पून जवस अर्ध्या लिटर पाण्यात आठ-दहा मिनिटं उकळा. अंड्याच्या पांढऱ्यासारखं दिसायला लागलं की गरम असतानाच गाळा. थंड झाल्यावर ते गाळणीतून उतरत नाही, ही हमखास होणारी चूक. हा द्रव खाण्याजोगा आहे, म्हणून तोंडाजवळच्या शॉटला हाच वापरा. साखर नसल्याने मुंग्याही लागत नाहीत. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकतो. बाहेर राहिला तर दुसऱ्या दिवशी वास मारतो.

*भरपूर लागणारा:* पिंपभर चिकट पाणी दाखवायचं तर जवस परवडत नाही. कापड छपाईला आणि सायझिंगला (सुताला खळ द्यायला) लागणारी सीएमसी (कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोज) पावडर रंग-रसायनांच्या दुकानांत विचारा. एक लिटर पाण्याला १५ ते २० ग्रॅम. पावडर थेट पाण्यात टाकली तर बाहेरचा थर लगेच फुगतो, आतली कोरडी राहते आणि गाठी काही केल्या मोडत नाहीत. म्हणून आधी थोड्या ग्लिसरीनमध्ये कालवा, मग पाणी रवीने घुसळत असताना धार धरा आणि रात्रभर ठेवून द्या. हा माल कारखान्याचा आहे: तोंडात, डोळ्यांत, उघड्या जखमेवर नको. फरशीवर सांडला तर जवसापेक्षा घातक, माणूस सरळ आडवा होतो.

*रक्त:* बेकरीचं लिक्विड ग्लुकोज २०० ग्रॅम, कोमट पाणी ५० मिली, खायचा लाल रंग अर्धा चमचा, कोको पाव चमचा. कोकोशिवाय रंग सरबतासारखा दिसतो. एकूण दोन वाट्यांपेक्षा जास्त करू नका. परजीवीच्या गोष्टीत रक्त जितकं कमी तितकं बरं, आणि डाग चादरीतून जात नाहीत.

अंड्यांसाठी सब्जा. एक चमचा बी एक कप पाण्यात वीस मिनिटं. पारदर्शक गोळा, आत काळा ठिपका. याहून चांगली अंडी हजारो रुपयांत मिळणार नाहीत. पिंपाच्या आतल्या कडेला पाण्याच्या रेषेवर जवसाच्या द्रवाने लेप द्या, त्यावर चमच्याने सब्जा थापा. दिव्याच्या उष्णतेत अर्ध्या तासात सुकून साधं बी दिसायला लागतं, तेव्हा स्प्रे बाटली हाताशी ठेवा.

किड्याच्या 'घरट्यासाठी' टॉवेल कारखान्यातल्या चिंध्या मागून आणा. टेरीच्या कापडाचे फासे पातळ केलेल्या लेटेक्समध्ये (द्रव रबरात) बुडवून वाळवले की आतड्याच्या आतल्या अस्तरासारखे दिसतात. वर थोडा सीएमसी फासा, मागून प्रकाश द्या. सोलापूरबाहेरच्या निर्मात्यांना या कापडासाठी पैसे मोजावे लागतील. इथे ते पोत्याने मिळतं.

पोटरीची जखम

गुळगुळीत फरशीच्या तुकड्यावर मॉडेलिंग क्लेने जखम घडवा: ८ सेंटिमीटर लांब, ५ रुंद, मध्ये ५ मिलिमीटर उंच, कडेला शून्यावर येणारी. सगळं यश कडेत आहे. कड जाड राहिली तर पायावर चिकटवलेली पापडी दिसते, मग कितीही मेकअप थापा. मधोमध फोडाचं तोंड, पेन्सिलच्या जाडीचं. भोवती मातीची दोन बोटं उंच भिंत घाला, क्लेवर आणि फरशीवर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा.

प्लास्टर ऑफ पॅरिस: एक किलोला ६५० ते ७०० मिली पाणी. पाण्यात पावडर भुरभुरवा, पावडरवर पाणी ओतू नका. पहिला थर ब्रशने लावा म्हणजे बुडबुडे बसत नाहीत, मग उरलेलं ओता. पाऊण तासात साचा निघतो. दिवसभर वाळू द्या. प्लास्टर घट्ट होताना तापतं, त्यामुळे नटाचा हातपाय त्यात थेट बुडवण्याचा मोह टाळा. भाजल्याच्या खऱ्या घटना झालेल्या आहेत.

साच्यात ओतायचं मिश्रण: ग्लिसरीन १०० ग्रॅम, सॉर्बिटॉलचं ७० टक्के द्रावण १०० ग्रॅम, जिलेटिन पावडर ३० ग्रॅम, पाणी २० मिली. एकत्र करून तासभर फुगू द्या. मग गरम पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून वितळवा, उकळी येऊ देऊ नका. उकळलं की बुडबुडे येतात आणि जिलेटिनचा ताण जातो. तुकडा पुढे ओढल्यावर फाटतो. रंगासाठी चिमूटभर फाउंडेशन, आणि लाल टॉवेलची झड कात्रीने अगदी बारीक करून चिमूटभर. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांचा भास या तंतूंनी येतो. नुसत्या रंगाने तुकडा मेणाचा वाटतो. साच्याला व्हॅसलिन लावून ओता, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, टाल्कम भुरभुरवत सोलून काढा. पावडर विसरलात तर कड स्वतःलाच चिकटते आणि तो तुकडा गेला. शूटिंगच्या प्रत्येक रात्री दोन तुकडे तयार हवेत.

जिलेटिन प्राण्यांपासून होतं. नट शाकाहारी असेल तर आधी विचारा. मेकअपच्या खुर्चीत बसल्यावर सांगणं बरं नव्हे. पर्याय लेटेक्सचा, पण त्याची ॲलर्जी असू शकते. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून २४ तास बघा. सिलिकॉन परवडत असेल आणि प्लॅटिनम प्रकारचं घेतलं तर लेटेक्सचे हातमोजे आणि गंधक असलेली क्ले दोन्ही दूर ठेवा, नाहीतर ते चिकट राहतं, घट्टच होत नाही.

लावताना पोटरीचे केस काढा, स्पिरिटने पुसा, नाटकाच्या मेकअपवाल्यांकडे मिळणाऱ्या स्पिरिट गमने चिकटवा. कडेवर कोमट पाण्यात बुडवलेला इअरबड फिरवला की जिलेटिन विरघळून कातडीत मिसळतं. काढताना खोबरेल तेल लावून सावकाश. ओढून काढलं तर खरी जखम होते.

किडा, आणि तो बाहेर येतो कसा

मीटरभर जाड सुती दोरा खिळ्याला टांगा, खाली नट-बोल्टचं वजन. लेटेक्समध्ये पांढऱ्या ॲक्रिलिकचे दोन-तीन थेंब घालून ब्रशने सहा ते आठ हात द्या, दोन हातांमध्ये पंख्याखाली वीस मिनिटं. सगळ्या लांबीला सारखा जाड करू नका. मध्ये तीन मिलिमीटर, टोकाला एक. कुठे कुठे थेंब साचून गाठ आली तर राहू द्या. लेटेक्स वाळल्यावर गडद होतं, म्हणून ओलं असताना हवा त्यापेक्षा फिकट दिसलं पाहिजे. शेवटी टाल्कम, आणि एका टोकाला तंगूस.

आता खरी अडचण. दोरा ढकलता येत नाही, फक्त ओढता येतो. किडा स्वतःहून बाहेर येताना दाखवायचा तर तो आत ओढताना चित्रित करायचा आणि क्लिप उलटी चालवायची. जखमेच्या तुकड्याखाली पोटरीच्या बाजूने एक बारीक स्ट्रॉ बसवा, एक टोक फोडाच्या तोंडाशी, दुसरं पायामागे, कॅमेऱ्याला न दिसणारं. तंगूस स्ट्रॉमधून मागे काढा. स्ट्रॉत जवसाचा द्रव भरा, नाहीतर लेटेक्स अडकून झटके बसतात. किडा बाहेर लोंबकळत ठेवा, मदतनीस मागून सेकंदाला दोन सेंटिमीटरच्या गतीने ओढेल. ओढणाऱ्याने एकदम सुरुवात करू नये. मध्ये एकदा थांबून परत ओढावं. उलट चालवल्यावर किडा बिचकल्यासारखा दिसतो, आणि अख्ख्या फिल्ममधला सगळ्यात जिवंत क्षण तोच ठरतो.

उलटा शॉट उघडा पडतो तो आजूबाजूच्या गोष्टींमुळे. थेंब वर चढतात, पाण्याच्या लाटा आत येतात, नटाचा श्वास उलटा होतो. म्हणून चौकट फक्त जखमेपुरती, ठिबकणारा द्रव शॉटआधी टिपून घ्या, नटाने तेवढे दहा सेकंद श्वास रोखावा. त्यानंतरचा काडीवर गुंडाळण्याचा शॉट मात्र सरळच घ्या, तिथे ओढणं कामाचं आहे.

कातडीखालची हालचाल फुग्याने करायची पद्धत आहे: हातमोज्याचं बोट, सलाईनची नळी, ५० मिलीची सिरिंज. यातून सूज चढते-उतरते, पण जागा बदलत नाही. सरकणारा किडा हवा असेल तर सहा मिलिमीटरचा मणी तंगुसात ओवून लेटेक्सच्या पातळ पत्र्याखालून ओढा. फरशीवर टिश्यू पेपरसह पाच हात दिले की असा पत्रा तयार होतो. जिलेटिन इथे फाटतं.

कॅमेरा, दिवे

आपली वीज ५० हर्ट्झची. फोन २५ फ्रेमवर, शटर १/५० वर लॉक करा. हळू गती हवी तर ५० फ्रेम आणि १/१००. ६० फ्रेमला ट्यूबलाइट लपलपते आणि ते नंतर निघत नाही. फोकस आणि एक्स्पोजर दोन्ही लॉक. चमकणारा द्रव हलला की ऑटो फोकस पिसाळतो.

ओलेपणा मागच्या प्रकाशात दिसतो. एकच एलईडी दिवा वस्तूच्या मागे तिरका, समोरून पांढऱ्या थर्माकोलचा परतावा, बाकी अंधार. समोरून दिवा मारलात की जवसाचा द्रव गायब होतो आणि लेटेक्सचं रबर उघडं पडतं.

पिंपाच्या आतून वर बघणारा शॉट जरूर घ्या. रिकाम्या पिंपाच्या तळाशी फोन आडवा ठेवा, तोंडावर तळ सपाट असलेला काचेचा मोठा ट्रे, त्यात तीन सेंटिमीटर पाणी. पात्र तांब्या बुडवायला वाकतं, लाटांतून चेहरा मोडतो. ट्रे दोन पट्ट्यांवर भक्कम टेकवा, कडेवर नुसता ठेवलेला ट्रे फोनवर येतो. पाण्याशी खेळ असलेल्या प्रत्येक शॉटला दिवे बॅटरीवर चालणारे. एक्स्टेन्शन बोर्ड त्या खोलीतच नको.

आवाज

प्रेक्षक किळस डोळ्यांनी कमी, कानांनी जास्त अनुभवतो. भिजवलेला साबुदाणा माइकजवळ मुठीत दाबणं म्हणजे अंडी. ओला टॉवेल फरशीवरून सोलून काढणं म्हणजे कातडी. वाळलेलं कडब्याचं ताट मोडणं म्हणजे हाड. पिकलेल्या पपईत बोटं घाला, बाकी सांगायला नको. प्रत्येक आवाज माइकपासून वीतभर अंतरावर, पंखा आणि फ्रीज बंद करून.

संवादासाठी कॉलरचा माइक, आणि प्रत्येक खोलीची शांतता तीस सेकंद वेगळी नोंदवा. एडिटिंगला जोड लपवायला ती लागते. घर यंत्रमागाच्या शेजारी असेल तर कटकट करू नका. मागाचा खडखडाट दारातून आणि भिंतीपलीकडून असा दोनदा, माइकची पातळी खाली ठेवून नोंदवा, आणि फिल्मभर खाली अंथरा. कुणाचं लक्षही जाणार नाही. दहाव्या मिनिटाला वीज जाते, माग थांबतात, आणि पिंपातून आवाज येतो. इतक्या स्वस्तात दचकवण्याची सोय दुसरी नाही. संवाद मात्र कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीलाच घ्या.

परवानग्या आणि आवराआवर

घरात चित्रीकरण असेल तरी रात्रीच्या किंकाळ्यांबद्दल शेजाऱ्यांना आणि जवळच्या पोलीस ठाण्याला आधी कळवा. जखम लावलेल्या नटाला चहाला बाहेर जाऊ देऊ नका, पोटरीवर कापड गुंडाळा. किल्ल्यात किंवा नान्नजच्या माळढोक अभयारण्यात शॉट घ्यायचा तर संबंधित खात्याची वेगळी परवानगी लागते. बारा मिनिटांच्या फिल्मला ती उठाठेव परवडत नाही. विमानतळ होटगी रस्त्यावर असल्याने त्या बाजूला ड्रोनचा विचारही नको. कुत्रं-मांजर पात्र म्हणून असेल तर प्राणी कल्याण मंडळाची मंजुरी आली, म्हणून ते पटकथेतूनच काढा. चित्रपटगृहात दाखवायचं असेल तर सेन्सॉर प्रमाणपत्र हवं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए वर्गात (पालकांच्या मार्गदर्शनाने बघायच्या चित्रपटांच्या) ७+, १३+ आणि १६+ असे तीन टप्पे आहेत.

शूटिंग संपल्यावर उरलेलं प्लास्टर आणि लेटेक्स मोरीत ओतू नका. दोन्ही नळीत घट्ट होतात आणि दुरुस्तीचे पैसे तुमच्याकडूनच जातात. प्लास्टर पिशवीत वाळवून कचऱ्यात, लेटेक्स पत्र्यावर पसरून वाळल्यावर सोलून. सीएमसीचं पाणी भरपूर पाण्याने पातळ करून सोडा. आणि ज्यांचं पिंप घेतलं त्यांना ते परत देऊ नका, नवीन घेऊन द्या. फिल्म बघितल्यावर जुन्यात कुणी पाणी भरणार नाही.